एंजिओप्लास्टीनंतर पाठीवर चौकोनी काळपट चट्टा: नायटा की दुसरंच काही?

मानेवाडा_ओपीडी (प्रश्न)

पेशंट ६२ वर्षांचे, मधुमेह, वजन ९४ किलो. हृदयाच्या उजव्या कोरोनरी धमनीतला जुना शंभर टक्के ब्लॉक उघडून स्टेंट टाकला, त्याला आज २६ दिवस झाले. एक शीथ (धमनीत सरकवायची नळी) मनगटातून, एक मांडीतून. छातीची तक्रार काही नाही. तक्रार पाठीची आहे.

उजव्या फऱ्याच्या (खांद्याच्या पात्याच्या) खालच्या टोकाशी ८ बाय साडेसहा सेंमीचा चट्टा. रंग काळपट-तांबूस, कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ, वरून कोरडी पापुद्री सुटते. खाज थोडी, आग जास्त. साधारण बाराव्या दिवशी सुरू झाला. केमिस्टने नायटा समजून क्लोबेटासोल-निओमायसिन-मायकोनाझोलच्या मिश्रणाची ट्यूब दिली, ती नऊ दिवस लावली, आग वाढली. सध्या नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस), दिवसभर कूलरची ओल आणि घाम, त्यामुळे नागपुरात निम्म्या ओपीडीला नायटाच असतो. पण नायटा असा चौकोनी दिसत नाही, म्हणून विचारतो.

सोबत आणखी दोन गोष्टी. मांडीतून गुडघ्यापर्यंत पसरलेला काळा-निळा डाग आता पिवळा पडतो आहे. पाचव्या दिवशी अंगभर खाजरे पुरळ आले होते, सेटिरिझिनवर आठवड्यात गेले. घरचे म्हणतात रक्त पातळ ठेवणाऱ्या क्लोपिडोग्रेलचीच गर्मी झाली, गोळी बंद करा.

पाठीच्या चट्ट्याची पंच बायोप्सी (कातडीचा छोटा गोल तुकडा काढून तपासणी) घ्यावी का? पेशंट तयार आहे.

---

शिसे_एप्रन

बायोप्सी थांबवा. हे एंजिओतल्या एक्स-रेने भाजलेलं दिसतं, आधी डोस रिपोर्ट मागवा.

एंजिओत एक्स-रेची नळी टेबलाखाली असते आणि डिटेक्टर छातीवर. म्हणजे किरण पाठीतून शिरतात, आणि सगळ्यात जास्त डोस शिरण्याच्या जागेच्या कातडीला बसतो. उजव्या कोरोनरीचं काम बहुतेक एलएओ म्हणजे डाव्या तिरप्या अँगलने होतं. डिटेक्टर पेशंटच्या डाव्या अंगाला झुकला की नळी आपोआप उजव्या पाठीखाली जाते. त्यात क्रॅनियल घेतलं, म्हणजे डिटेक्टर डोक्याकडे झुकवला, तर नळी थोडी पायांकडे सरकते आणि शिरण्याची जागा फऱ्याच्या खालच्या टोकाशी येते. तुम्ही लिहिलेली जागा हीच आहे. चौकोन दिसतो तो कॉलिमेटरच्या, म्हणजे किरणांची खिडकी आखणाऱ्या, पात्यांचा.

जुन्या ब्लॉकच्या केसमध्ये तार पलीकडे जाईपर्यंत तासभर एकाच अँगलवर काम चालतं. पेशंट ९४ किलोचा. शरीराची जाडी सुमारे ३-४ सेंमीने वाढली की तेवढंच चित्र मिळवायला मशीन स्वतःहून आत जाणारा डोस जवळजवळ दुप्पट करतं, डॉक्टर बटण फिरवत नाहीत. तिरप्या अँगलने छातीतला रस्ता लांबतो तो वेगळा. त्यात टेबल खाली राहिलं असेल तर पाठ नळीच्या आणखी जवळ: ८० सेंमीऐवजी ६० सेंमी झालं की त्याच क्षणाचा डोस पावणेदोनपट.

रिपोर्टवर तीन आकडे शोधा.

एअर कर्मा: किरणांचा एकूण डोस, मिलीग्रेमध्ये असतो (१,००० मिलीग्रे म्हणजे १ ग्रे). कातडीच्या दृष्टीने कामाचा आकडा हाच. तो आयसोसेंटरपासून (ज्या बिंदूभोवती नळी आणि डिटेक्टर फिरतात तिथून) नळीकडे १५ सेंमीवरच्या एका ठरलेल्या बिंदूवर मोजलेला असतो, म्हणजे साधारण पाठीच्या आसपास. ५,००० मिलीग्रेच्या वर गेला तर पेशंटला सांगून पाठीवर नजर ठेवायची, असा संकेत आहे.

डीएपी (डोस गुणिले किरणांच्या खिडकीचं क्षेत्रफळ): इथे एककात लोक फसतात. काही मशीन ग्रे-चौरस सेंटिमीटरमध्ये देतात, काही मायक्रोग्रे-चौरस मीटरमध्ये. मायक्रोग्रे-चौरस मीटरला १०० ने भागा, ग्रे-चौरस सेंटिमीटर मिळतील. ५०० च्या वर म्हणजे जास्त.

फ्लुरो टाइम (थेट एक्स-रे चित्र चालू असलेला वेळ): यावर फार विसंबू नका. यात सिनेची (साठवून ठेवायच्या चित्रफितीची) शूटिंग धरलेली नसते, आणि सडपातळ माणसाचे ६० मिनिटं व जाड माणसाचे ६० मिनिटं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

डिस्चार्ज कार्डवर हे सहसा नसतं. सीडीतल्या शेवटच्या इमेजवर किंवा डोस रिपोर्टच्या वेगळ्या पानावर असतं. घरच्यांना लेखी अर्ज द्यायला लावा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असतात. अर्जात ‘फाइल द्या’ असं मोघम लिहू नका, ‘कॅथलॅबचा रेडिएशन डोस रिपोर्ट’ असे शब्द घाला. नाहीतर ईसीजी अन् बिलाची झेरॉक्स हातात पडते.

अन् एक: याआधी एखादी फसलेली प्रोसिजर झाली होती का, ते नक्की विचारा. जुन्या ब्लॉकमध्ये पहिला प्रयत्न सोडून दुसऱ्यांदा बसणं नेहमीचं आहे.

---

त्वचा_धंतोली

वरच्याशी सहमत. बायोप्सीबद्दल मीही तेच म्हणणार होते, फक्त कारण सांगते. किरणांनी भाजलेल्या कातडीत बारीक रक्तवाहिन्या आणि नवी कातडी तयार करणाऱ्या पेशी आधीच मेटाकुटीला आलेल्या असतात. त्यात चार मिमीचा पंच मारला की तेवढं भोक भरत नाही, आणि बरा होऊ शकणाऱ्या चट्ट्याचा महिनोन्‌महिने न भरणारा व्रण होतो. इतिहास आणि डोस रिपोर्ट जुळत असतील तर निदानाला ऊतीची गरज नाही. पुढे वर्षा-दोन वर्षांनी काठ उचलला, गाठ आली तर गोष्ट वेगळी.

उघड्या डोळ्यांनी बरंच ओळखता येतं. नायटा मध्यभागी निवळतो आणि कडेला जिवंत असतो. हा चट्टा कडेपासून कडेपर्यंत एकसारखा असतो. खवले खरवडून केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकून मायक्रोस्कोपखाली बघा, बुरशी दिसणार नाही. (क्लोबेटासोल लावल्यावर नायटाही ओळखू येत नाही इतका बिघडतो, म्हणून केओएच कराच.) मग टॉर्च तिरपा धरून चौकोनातले केस बघा. ३ ग्रेच्या पुढे साधारण तीन आठवड्यांनी केस गळतात. पाठीवर लव असलेल्या माणसात चौकोनाच्या आत केस नाहीत आणि रेषेबाहेर शाबूत आहेत, असं दिसलं तर निदान जवळपास पक्कं.

बाकी शक्यता: नागीण मणक्याकडून पट्ट्याने येते, फोड येतात. फिक्स्ड ड्रग इरप्शन गोल असतं. इलेक्ट्रोडचे किंवा डिफिब (हृदयाला शॉक देण्याच्या) पॅडचे चौकोनी डाग उजव्या कॉलर बोनखाली आणि डाव्या कुशीत, कधी डाव्या फऱ्याखाली, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच दिसतात. दाबाने झालेला फोड हाडाच्या उंचवट्यावर आणि तोही पहिल्या दोन-तीन दिवसांत. तुमच्या पेशंटमध्ये बाराव्या दिवशी सुरू झाला, हा उशीरच मुख्य खूण आहे. उशिरामुळेच लोक त्याचा संबंध एंजिओशी जोडत नाहीत. पंक्चर मनगटात, घरी-दारी सगळे मनगट बघतात, पाठ कोण बघतं?

डोसप्रमाणे दिवस असे चालतात. २ ग्रेच्या पुढे काही तासांत लाली येऊन एक-दोन दिवसांत जाते, ती कोणाला दिसत नाही. ६ ग्रेच्या पुढे साधारण १० दिवसांनी खरी लाली. आपल्या रंगाच्या कातडीवर ती लाल कमी आणि काळपट जास्त दिसते, म्हणून परदेशी पुस्तकातला फोटो शोधत बसू नका. १० ग्रेच्या आसपास चौथ्या आठवड्यात कोरडी पापुद्री. १५ च्या पुढे ओली, म्हणजे कातडी सोलून पाणी सुटतं. १८ च्या वर दहा आठवड्यांनंतर खालचा थर मरतो आणि व्रण पडतो. पापुद्री आहे म्हणजे तुमचा पेशंट १० च्या जवळपास असावा, रिपोर्ट काय म्हणतो ते कळवा.

आत्ता करायचं ते: ती तीन औषधांची ट्यूब आजच बंद. क्लोबेटासोल कातडी पातळ करतं आणि निओमायसिनची ॲलर्जी त्यावर बसू शकते. त्याऐवजी मोमेटासोन ०.१ टक्का, दिवसातून एकदा, पातळ थर, दोन आठवडे, पुढे नाही. पांढरं पॅराफिन दिवसातून तीन-चार वेळा. आंघोळ कोमट पाण्याने, चट्ट्यावर साबण नाही, टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. आग झाली तर साध्या पाण्यात भिजवलेली सुती घडी दहा मिनिटं. बर्फ नको, डेटॉल नको, पोव्हिडोन नको, घामोळ्यांची पावडर तर अजिबात नको. सुती बनियन, सैल, शिवण चट्ट्यावर येणार नाही अशी. बाहेर निघताना पाठ झाकलेली. नवतप्यात उघड्या अंगाने गच्चीवर झोपायची सवय असेल तर रात्री झोपू द्या, पण उन्हं यायच्या आत खाली आणा.

---

सीसीयू_सिस्टर

चट्ट्यावर काही झाकायची वेळ आली तर चिकटपट्टी सरळ कातडीवर लावू नका, एवढं मी जोडते. पॅराफिनची जाळी, वर गॉझ, आणि ती बनियनच्या दाबाने किंवा जाळीदार ट्यूबच्या बँडेजने धरून ठेवा. चिकटवून काढली की पापुद्रीसोबत चांगली कातडीही येते.

मांडीचा पिवळा डाग म्हणजे रक्त जिरतंय. काळा-निळा, हिरवा, पिवळा या क्रमाने दोन-तीन आठवडे लागतात आणि वजनाने तो खाली गुडघ्याकडे उतरतो. लोक त्यालाच ‘वाढला’ म्हणतात. डाग उतरला तर चिंता नाही. बोटाला ठोके लागणारी गाठ, वर स्टेथो ठेवल्यावर फुसफुस आवाज, किंवा एकाएकी वाढलेलं दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी), धमनीतून गळालेल्या रक्ताची गाठ म्हणजे स्यूडोअ‍ॅन्युरिझम असू शकतो. त्या गाठीला सुई लावून बघायचा मोह टाळा.

मनगटाच्या भोकावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाटाण्याएवढी लालसर कडक गाठ आली तर ती फोडूही नका. शीथच्या वरच्या निसरड्या लेपाने होणारी जंतुविरहित गाठ असते कधी कधी, महिन्या-दोन महिन्यांत बसते. फोड समजून चिरा दिला की खाली धमनी. ताप, पू, वाढती लाली असेल तर तो संसर्ग, त्याची वाट वेगळी.

पट्टीच्या कडेला फोड येतात ते दर वेळी ॲलर्जीचे नसतात. मांडीवर दाबाची पट्टी ओढून-ताणून लावली की खाली कातडी सुजते, पट्टी ताणलेलीच राहते, आणि कडेला पाण्याचा फोड. पट्टीच्या आकारात सगळीकडे खाज व दाणे असतील, तेही एक-तीन दिवसांनी, तर ॲलर्जी. काढताना पट्टी कातडीला समांतर हळू मागे दुमडायची, दुसऱ्या हाताने कातडी दाबून धरायची. खोबरेल तेलाने डिंक सुटतो. वर उचलून खेचायची नाही. मनगटाचा हवेचा पट्टा तास-दोन तासांनंतर दर १५ मिनिटांनी २-३ मिली करत सैल करायचा. तो विसरून रात्रभर तसाच राहिला तर खालीही असेच फोड.

---

मानेवाडा_ओपीडी

केओएच निगेटिव्ह. टॉर्च लावून बघितलं: चौकोनात केस नाहीत, बाहेर आहेत.

विचारल्यावर कळलं, याच ब्लॉकसाठी १८ दिवस आधी एक प्रयत्न झाला होता, तार गेली नाही म्हणून सोडला. दोन्हींचे रिपोर्ट मिळाले.

पहिला: एअर कर्मा ३,९०० मिलीग्रे, डीएपी २३,१०० मायक्रोग्रे-चौरस मीटर, फ्लुरो ३४ मिनिटं.
दुसरा: एअर कर्मा ९,२४० मिलीग्रे, डीएपी ५५,४०० मायक्रोग्रे-चौरस मीटर, फ्लुरो ७१ मिनिटं.

पुढच्या महिन्यात एलएडीचा (हृदयाच्या पुढच्या डाव्या धमनीचा) ७० टक्के ब्लॉक करायचं ठरलं आहे. पेशंटला छातीत दुखत नाही.

---

शिसे_एप्रन

आता चित्र स्पष्ट झालं. दुसऱ्या रिपोर्टचा डीएपी ५५४ ग्रे-चौरस सेंटिमीटर. त्याला ९.२४ ग्रेने भागलं की ६० चौरस सेंमी येतात. पहिल्याचे २३१ भागिले ३.९, तेही ५९. म्हणजे दोन्ही वेळा पाठीवर साधारण पावणेआठ सेंमी बाजूची खिडकी होती. तुमचा चट्टा ८ बाय साडेसहा, म्हणजे ५२ चौरस सेंमी. खिडकी थोडी सरकत गेली, आणि जिथे सगळे डोस एकमेकांवर पडले तेवढाच भाग उठला.

कातडीचा अंदाज असा काढतात. दोन्ही एअर कर्मांची बेरीज १३.१४ ग्रे. टेबल आणि गादी सुमारे पाव भाग अडवतात, म्हणून गुणिले ०.७५. शरीरातून उलट फिरणाऱ्या किरणांसाठी गुणिले १.३. आले १२.८ ग्रे. पण हे सगळं एकाच जागी पडलं असं धरून. दहापैकी सात भाग काम त्या एका एलएओवर झालं असं मानलं तर ९ ग्रेच्या आसपास. हा ढोबळ हिशोब आहे, पण पापुद्रीशी जुळतो. मशीनकडून प्रत्येक शॉटचा अँगलसह तपशील निघतो, त्यावरून मेडिकल फिजिसिस्ट नेमका आकडा काढू शकतात. तेवढी विनंती हॉस्पिटलला करा.

दोन प्रोसिजर दोन महिन्यांच्या आत असतील तर कातडीसाठी त्या एकच धरायच्या. पहिल्या वेळचे ३.९ ग्रे एकट्याने काही दाखवले नसते, पण दुसऱ्याच्या वेळी कातडीची दुरुस्ती चालू होती.

---

नळी_तार

क्लोपिडोग्रेल बंद करू नका. महिन्याभराच्या आत नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते पुरळापेक्षा कित्येक पटीने वाईट. पाचव्या दिवशीचं पुरळ क्लोपिडोग्रेलचं असू शकतं, कॉन्ट्रास्टचंही (एंजिओत टोचलेल्या औषधाचंही, ज्याने धमन्या एक्स-रेत दिसतात): कॉन्ट्रास्टचं उशिराचं पुरळ एक तासापासून आठवड्यापर्यंत कधीही येतं. दोन्ही बहुतेक अँटिहिस्टामिनवर, फार तर थोड्या दिवसांच्या स्टिरॉइडवर, गोळी चालू असतानाच जातात. तुमच्या पेशंटमध्ये गोळी चालू असूनही गेलं, मग बंद कशाला? तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलणं, चेहरा सुजणं यातलं काही असेल तर मात्र लगेच कार्डिओलॉजिस्टला फोन. तेव्हाही गोळी बदलायची, नुसती थांबवायची नाही.

एकदा पाय बघून घ्या. नाडी लागते पण बोटं निळी, किंवा मांडी-पोटरीवर जाळीसारखी निळसर नक्षी, असं असेल तर महाधमनीतले कोलेस्टेरॉलचे कण सुटलेले असू शकतात. क्रिएटिनिन आणि इओसिनोफिल तपासा. नसेल तर पुढे जा.

एलएडीबद्दल. पेशंटला दुखत नाही, तर पुढच्या महिन्याची घाई नसावी, पण तारीख पुढे ढकलायची की नाही हे त्यांच्याच कार्डिओलॉजिस्टने ठरवायचं. तुम्ही चट्ट्याचा फोटो आणि दोन्ही आकडे त्यांच्यापर्यंत पोचवा. त्यांना पाठीचं काही माहीत नसेल, पेशंट मनगट दाखवून परत येतो. करायचीच वेळ आली तर एलएडी आरएओ (उजव्या तिरप्या) क्रॅनियल आणि सरळ क्रॅनियलमधून होऊ शकते. किरण डावीकडून आणि मधून शिरतील, उजवा चौकोन वाचेल. एलएओ क्रॅनियल टाळायचा किंवा क्षणभर. फ्लुरो सेकंदाला ७.५ फ्रेमवर, खिडकी आवळलेली, डिटेक्टर छातीला टेकत आलेला, टेबल शक्य तेवढं वर.

---

मानेवाडा_ओपीडी

फोटो कसा पाठवावा? मोबाइलवर रंग बदलतो.

---

त्वचा_धंतोली

दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, फ्लॅश बंद. चट्ट्याच्या खाली शाळेची पारदर्शक पट्टी धरा. एक फोटो जवळून, एक दोन्ही फरे आणि पाठीचा कणा दिसेल असा लांबून, म्हणजे जागा कळते. नावाऐवजी तारखेची चिठ्ठी फ्रेममध्ये. घरच्यांना हेच शिकवा आणि दर आठवड्याला काढायला सांगा, तीन महिने. त्यानंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने.

पत्रात हे लिहा: दोन्ही तारखा, दोन्ही एअर कर्मा, चट्टा कधी दिसला, माप, केओएच निगेटिव्ह, केस गळालेले, बायोप्सी घेतलेली नाही आणि घेऊ नये. शेवटचं वाक्य अधोरेखित करा, कारण पुढच्या डॉक्टरचाही हात पंचकडेच जाईल.

पाणी सुटायला लागलं, दुखणं रात्री झोपमोड करू लागलं किंवा मध्ये पांढरट-पिवळा कडक भाग दिसला तर प्लास्टिक सर्जनला लवकर दाखवा. मेलेला भाग नुसता खरवडून भरत नाही, पूर्ण काढून शेजारची जिवंत कातडी-चरबी फिरवून आणावी लागते. पेंटॉक्सिफायलिन आणि व्हिटॅमिन ई कोणी सुचवेल, कडकपणासाठी देतात. पण पेशंट ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलवर आहे, रक्तस्राव वाढतो, म्हणून कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय नको.

साखर किती आहे? उपाशीपोटी १८० च्या वर असेल तर आधी ती खाली आणा, मलमापेक्षा त्याने जास्त फरक पडेल.

---

मानेवाडा_ओपीडी

एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी) ९.१. उद्या बोलावलं आहे, पट्टी घेऊन.